किती वर्षं मोजलंत?

लोणावळ्यात 1924 साली कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी तिथून 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघू लागलं. मोक्ष, समाधी, साक्षात्कार असं काही वाचायला मिळेल या अपेक्षेनं ते उघडणारा वाचक चक्रावलाच असेल. आत क्ष-किरणांची चित्रं होती आणि दाबाचे आकडे होते. उड्डियान करताना छातीचा पडदा किती वर जातो, नौली करताना मोठ्या आतड्याच्या आत काय होतं, याची तपासणी जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यंत्रं लावून करत होते. नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांना दाबमापकावर दिसलं. बस्ती या शुद्धिक्रियेत पाणी आपोआप आत का ओढलं जातं, याचा उलगडा त्यातून झाला. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, 'माधवदास व्हॅक्यूम'.

बडोद्याच्या प्रा. माणिकरावांच्या तालमीत घडलेला आणि खानदेशात अमळनेरला शिक्षणाचं काम केलेला हा माणूस श्रद्धाळू नव्हता असं नाही. पण गुरूंनी सांगितलं म्हणून खरं, एवढ्यावर थांबायला तो तयार नव्हता. दावा आहे ना, मग मोजू या, हा त्याचा खाक्या. शंभर वर्षांपूर्वी बोरघाटाच्या माथ्यावरच्या या गावात शरीरशास्त्राची प्रयोगशाळा चालत होती, ही गोष्ट मगनलालच्या चिक्कीइतकी प्रसिद्ध व्हायला हरकत नव्हती.

मात्र कुवलयानंद मोजत होते ते मिनिटा-दोन मिनिटांत घडणारं. श्वास रोखला, दाब बदलला, नोंद झाली. मधुमेह, लठ्ठपणा, थायरॉइडचे विकार यांची गोष्ट वेगळी. हे आजार वीस-पंचवीस वर्षं आत शिजत असतात आणि त्यांच्यावरचा उपाय लागू पडला की नाही, हेही वर्षांनीच कळतं. आज लोणावळ्यापासून पुण्यापर्यंतच्या पासष्ट किलोमीटरच्या पट्ट्यात या आजारांवर नाना उपाय मिळतात. घाटमाथ्यावर निसर्गोपचार आणि योगशिबिरं, तळेगावात इस्पितळं, पुण्यात दुर्बिणीतून जठर छोटं करणारे सर्जन, औषधाच्या दुकानात आठवड्याला एक टोचायचं इंजेक्शन. प्रत्येक ठिकाणी बरं झालेल्यांच्या कहाण्या ऐकायला मिळतात आणि त्या बहुधा खऱ्याही असतात. या सगळ्यांची पारख करायची तर एकच प्रश्न पुरेसा आहे: किती वर्षं मोजलंत?

मावळचं शरीर

मावळाचे तीन भाग जुने लोक सांगतात: अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ. तिन्ही भाताचे. पावसाळ्यात चिखलणी आणि लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडपणी. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर 157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून 'इंद्रायणी' तांदूळ तयार झाला आणि 1987 साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आज पुण्या-मुंबईच्या ताटात वाफाळणारा चिकट, वासाचा भात तो हाच. हा भात पिकवणारा माणूस दिवसभर कमरेत वाकलेला असे आणि संध्याकाळी डोंगर चढून घरी जाई. ताटातला भाताचा ढीग त्याच्या अंगी लागायच्या आत खर्च होऊन जाई.

ताट तेच राहिलं, खर्च मात्र बदलला. 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आजूबाजूला कारखाने आले, पवना धरणाकाठी आणि लोणावळ्याभोवती बंगले आले, जमिनींना भाव आला. ज्याच्या बापाने औत हाकलं तो आज कंपनीच्या बसने शिफ्टला जातो, बंगल्याची राखण करतो किंवा पर्यटकांची गाडी चालवतो. शेजारच्या वाडीला जायचं तरी मोटारसायकल निघते. यात त्याचं काही चुकलं असं म्हणणं हा शहरी माणसाचा उद्दामपणा होईल. चिखलात राबण्यातली कविता न राबणाऱ्यालाच सुचते. पण शरीराला हा बदल कळायला वेळ लागतो.

आणि मग 'शुगर निघाली' हे वाक्य ऐकू येऊ लागतं. 'गोळी चालू आहे', 'साखर आटोक्यात आहे', 'मला काही त्रास नाही, नुसती शुगर आहे'. शुगर निघालेला हा माणूस डोळ्यांना लठ्ठ दिसतोच असं नाही. हात-पाय काटकुळे, चेहरा बसका, फक्त शर्टाची मधली दोन बटणं ताणलेली. 'मी कुठे जाड आहे?' असं तो डॉक्टरांना विचारतो आणि त्याचा प्रश्न रास्त असतो. त्याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांत सापडलं आहे.

सहा गावांनी शिकवलेलं

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना हाच प्रश्न पडला होता. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातला मधुमेही मध्यमवयीन आणि स्थूल असतो. त्यांच्यासमोर बसणारे रुग्ण तरुण होते आणि वजनाने हलके. 1993 साली त्यांनी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू केला. मावळातली नव्हे, पण पुण्याजवळचीच सहा खेडी त्यासाठी निवडली. तिथल्या विवाहित स्त्रियांची गर्भारपणाच्या आधीपासून नोंद ठेवली. काय खातात, किती राबतात, रक्तात काय आहे, हे सगळं लिहून ठेवलं आणि जन्मलेल्या प्रत्येक बाळाला वजनकाट्यावर ठेवलं, कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजली.

साउथॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, इथल्या बाळांचं 2.7 किलो. बाळ सगळीकडून कमी भरलं: स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी झालेली नव्हती. 'थिन-फॅट' म्हणजे वरून रोड आणि आतून चरबीदार अशा भारतीय बाळाचं हे वर्णन 2003 साली प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या मधुमेहतज्ज्ञांच्या तोंडी बसलं. रोड दिसणाऱ्या मावळ्याचं पोट का सुटतं, याची सुरुवात आईच्या पोटातच होते, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापून आलं. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर: पुण्याचे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाटा दोघांना एकाच मापाने मोजत होता आणि फसत होता. स्वतःचंच शरीर पुराव्याला उभं करण्याची ही रीत कुवलयानंदांनाही पटली असती.

या अभ्यासाचं मोठेपण त्या एका छायाचित्रात मात्र नाही. मोठेपण आहे ते संशोधक त्या सहा गावांतून निघून गेले नाहीत, यात. शेतात जास्त राबणाऱ्या गर्भवतींची बाळं लहान निघाली. पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या आहारात होतं त्यांची बाळं थोडी भरलेली होती. सुमारे दोन तृतीयांश आयांच्या शरीरात ब-12 जीवनसत्त्व कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा ज्यांच्या आईला ब-12 कमी पण फोलेट जास्त होतं, त्या मुलांच्या शरीरात इन्शुलिनला सर्वांत जास्त अडथळा आढळला. मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा 37 टक्के मुलगे आणि 18 टक्के मुली यांच्यात साखरेचा समतोल बिघडलेला होता. बहुतेकजण मधुमेहाच्या उंबरठ्यावर, तेही सडपातळ देहाने. मधल्या काळात याच मुलांना पौगंडावस्थेत ब-12 देऊन पुढच्या पिढीत फरक पडतो का, हे पाहणारा प्रयोगही सुरू झाला. तीन दशकांचं हे काम. आईच्या आहारापासून नातवंडापर्यंत मोजत जाणं म्हणजे काय, याचा धडा हवा असेल तर तो इथे आहे.

जठरावर सुरी, साखरेवर परिणाम

आता शस्त्रक्रियेकडे. जठराला बगल देण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे गॅस्ट्रिक बायपास, अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये सुरू केली ती वजन उतरवण्यासाठी. जठराची अंड्याएवढी पिशवी वेगळी करायची आणि लहान आतड्याचा पुढचा भाग तिला जोडायचा. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा पहिला टप्पा टाळून सरळ पुढे जातं. पोट लवकर भरतं, खाणं कमी होतं, वजन उतरतं. इतपत तर्कात बसणारं होतं.

तर्कात न बसणारी गोष्ट नॉर्थ कॅरोलायनातले सर्जन वॉल्टर पोरीज यांच्या लक्षात आली. मधुमेही रुग्णांची साखर शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, वजन म्हणावं तसं उतरायच्या आतच, खाली येत होती. 1995 साली त्यांनी 608 रुग्णांचा हिशेब मांडला. त्यातल्या 146 मधुमेहींपैकी 121 जणांची साखर पूर्ववत झाली होती. गोळ्या-इन्शुलिनच्या हवाली झालेला आजार सर्जनच्या टेबलावर माघार घेतो, हे तोवर फारसं कुणी गांभीर्याने म्हटलं नव्हतं.

कारणमीमांसेचा शोध अजून चालू आहे, पण मुख्य धागे हाती आलेले आहेत. आतडं ही नुसती अन्न वाहणारी नळी नाही, शरीरातली ती एक मोठी अंतःस्रावी ग्रंथी आहे. न पचलेलं अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचलं की तिथून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक जास्त प्रमाणात सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं आणि मेंदूला 'पुरे' असं कळवतं. यकृतात साठलेली चरबी उतरते, पित्तरसाचं आणि आतड्यातल्या जीवाणूंचं गणित बदलतं. पुढे याच जीएलपी-1 च्या नकलेतून सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं तयार झाली.

भारतीय रोड मधुमेहीला हे लागू पडेल का, ही परीक्षा पुण्यात झाली. डॉ. शशांक शहा, डॉ. जयश्री तोडकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले संशोधक डेव्हिड कमिंग्ज यांच्याबरोबर एक छोटा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध केला. रुग्ण 15. सगळ्यांचा बीएमआय 22 ते 35 च्या दरम्यान, म्हणजे तेव्हाच्या जागतिक नियमांनुसार त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया करायचीच नव्हती. बहुतेकजण इन्शुलिन घेत होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी शस्त्रक्रियेआधी सरासरी 10.1 होती, ती तीन महिन्यांत 6.1 वर आली. तीन महिन्यांनंतर सगळ्यांची मधुमेहाची औषधं बंद झालेली होती. निष्कर्ष थक्क करणारा. पाठपुरावा नऊ महिन्यांचा.

पंधरा माणसं आणि नऊ महिने. हा त्या अभ्यासाचा दोष नव्हे, पहिल्या पावलाची लांबी तेवढीच असते. त्यातून 'हे शक्य आहे' इतकं सिद्ध होतं. 'हे टिकतं का' हे सिद्ध व्हायला मोठे अभ्यास लागतात आणि ते जगात झालेले आहेत.

स्वीडनमध्ये 1987 पासून शस्त्रक्रिया झालेल्या लठ्ठ रुग्णांचा माग ठेवला गेला. त्यातल्या मधुमेहींपैकी 72 टक्के दोन वर्षांनी मधुमेहमुक्त होते. पंधरा वर्षांनी हा आकडा 30 टक्क्यांवर आला. क्लीव्हलँडच्या अभ्यासात 150 रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत विभागलं: नुसती औषधं, औषधं आणि बायपास, औषधं आणि जठर अरुंद करणारी स्लीव्ह. पाच वर्षांनी एचबीएवनसी 6 किंवा त्याखाली असलेले रुग्ण होते औषधाच्या गटात 5 टक्के, स्लीव्हमध्ये 23 टक्के, बायपासमध्ये 29 टक्के. अमेरिकेतले असे चार अभ्यास एकत्र करून 2024 साली जो हिशेब आला, त्यात बारा वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटातले 12.7 टक्के मधुमेहमुक्त उरले होते आणि औषधांच्या गटात एकही नाही.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात आणि दोन्ही बाजूंनी वाचलेच पाहिजेत. शस्त्रक्रिया औषधांपेक्षा सरस ठरते, सातत्याने. आजार परतला तरी बहुतेकांची साखर पूर्वीपेक्षा कमी राहते, गोळ्या कमी लागतात. आणि तरीही बऱ्याच जणांचा मधुमेह परत येतो. 'कायमचा बरा' असं जाहिरातीत लिहिणारा या दोहोंपैकी एकच बाजू वाचतो.

रोड मधुमेहीच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. शस्त्रक्रियेला दाद देणारे रुग्ण कोण, हे आता बरंचसं ओळखता येतं: मधुमेह नवा असलेले, इन्शुलिन न लागणारे आणि ज्यांचं स्वादुपिंड अजून बऱ्यापैकी इन्शुलिन तयार करतं असे. पुण्यातल्या तरुण मधुमेहींच्या अभ्यासात मात्र असं आढळलं, की त्यांच्यातल्या मोठ्या गटाची खरी अडचण इन्शुलिनच्या तुटवड्याची आहे. कोठारच रिकामं असेल तर दार कितीही उघडलं तरी काय निघणार? म्हणून शस्त्रक्रियेआधी सी-पेप्टाइडची तपासणी करून स्वादुपिंडात किती बळ उरलंय ते पाहणं, हे आपल्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा जास्त गरजेचं आहे.

पस्तीसची रेघ

1991 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी एक रेघ ओढली. बीएमआय 40 च्या वर असेल, किंवा 35 च्या वर असून मधुमेहासारखा गंभीर आजार जोडीला असेल, तर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया. रेघ अमेरिकन शरीरांवरून ओढलेली होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये आशियाई लोकांसाठी 23 आणि 27.5 हे धोक्याचे टप्पे सुचवले. 2016 साली मधुमेहावरच्या शस्त्रक्रियेसाठी आंतरराष्ट्रीय शिफारशी आल्या, त्यांत बीएमआय 30 ते 35 असलेल्या, औषधांनी साखर न आटोपणाऱ्या रुग्णांचाही विचार करावा आणि आशियाई रुग्णांसाठी प्रत्येक रेघ अडीचने खाली आणावी, असं ठरलं. म्हणजे 27.5. 2022 च्या शिफारशींनीही आशियाई रुग्णांसाठी हाच आकडा पुढे ठेवला.

शास्त्र हललं, पण विम्याचा कागद हलला नाही. भारतीय विमा नियामकाने 2019 साली आरोग्यविम्यात काय वगळता येईल याची प्रमाण यादी केली. तिच्यात लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेची अट आहे: बीएमआय 40, किंवा अनियंत्रित मधुमेहासारखे आजार जोडीला असल्यास 35.

समजा, पवन मावळातला एक चालक आहे. वय 44, उंची 165 सेंटीमीटर, वजन 76 किलो. दहा-बारा तास स्टिअरिंगवर, जेवण ढाब्यावर, झोप गाडीत. तीन प्रकारच्या गोळ्या घेऊनही एचबीएवनसी नऊच्या वर. त्याचा बीएमआय येतो साधारण 28. शास्त्राच्या नव्या रेघेनुसार त्याच्याशी शस्त्रक्रियेची चर्चा करायला हरकत नाही. विम्याच्या अटीत बसायचं तर त्याचं वजन 95 किलोच्या पुढे हवं. आजारावरच्या उपचाराचे पैसे मिळावेत म्हणून त्याने आधी आणखी एकोणीस किलो चढवावेत, असा त्या कागदाचा अर्थ होतो. सहा गावांतल्या बाळांच्या पाठीवरची चरबी मोजून जे कळलं, ते पॉलिसीच्या छोट्या अक्षरांपर्यंत वीस वर्षांत पोचलेलं नाही. हा मुद्दा डॉक्टरांनी आणि रुग्ण संघटनांनी नियामकाकडे लावून धरायला हवा, कारण तो वैद्यकीय वादाचा उरलेलाच नाही.

या चालकाने शस्त्रक्रिया करून घ्यावीच, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याचं कारण पुढे.

टाके सुटल्यानंतर

अंतःस्रावी ग्रंथींवरच्या शस्त्रक्रियेचा सर्वांत मोठा धडा स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर यांच्या नावावर आहे. गलगंडासाठी थायरॉइड काढण्यात त्यांचा हात इतका सफाईदार होता की पुढे 1909 साली त्यांना नोबेल मिळालं. पण 1883 साली त्यांनी एक अवघड गोष्ट केली. पूर्ण थायरॉइड काढलेल्या आपल्या जुन्या रुग्णांना त्यांनी परत बोलावलं. आलेल्यांपैकी बहुतेकजण सुजलेले, मंद, थंडीने गारठणारे असे झालेले होते. जखम उत्तम भरली होती आणि माणूस बिघडला होता. कोखर यांनी हे लपवलं नाही, छापलं. थायरॉइड शरीरात काय काम करते हे जगाला कळण्यात त्या परत बोलावण्याचा मोठा वाटा आहे. तोवर यशस्वी म्हणून गणलेल्या शस्त्रक्रियेचा खरा हिशेब असा काही वर्षांनी लागला.

बायपासनंतरच्या रुग्णालाही असंच आयुष्यभर परत बोलवावं लागतं. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मुख्य म्हणजे ब-12 यांचं शोषण घटतं. पुणे जिल्ह्यातल्या आयांमध्ये मुळातच ब-12 किती कमी आहे ते वर आलंच आहे. देहू-आळंदीच्या छायेतल्या, माळ घातलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरात तर ही तूट आणखी खोल असते. अशा माणसाने शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ब-12 ची गोळी किंवा इंजेक्शन 'आता बरं आहे' म्हणून सोडलं, तर पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा हे सुरू होतं आणि त्याचा संबंध जुन्या शस्त्रक्रियेशी कुणी लावतही नाही.

खाण्याचे नियमही बदलतात. घास लहान, चावणं जास्त, जेवताना पाणी नाही, प्रथिनं आधी. बायपास झालेल्याने लोणावळ्यात उतरून चिक्कीच्या दोन वड्या भरभर खाल्ल्या, तर गुळाचा गोळा थेट आतड्यात जाऊन घाम, धडधड, चक्कर असा प्रकार होऊ शकतो. डॉक्टर याला 'डंपिंग' म्हणतात. दारूही लवकर आणि जास्त चढते आणि काहींना तिचं व्यसन नव्याने लागतं. वीकेंडला रिसॉर्टवर राबणाऱ्या तालुक्यात ही सूचना छापील पत्रकावर ठळक असली पाहिजे.

आपल्या चालकाने विचार करायचा तो इथे. शस्त्रक्रियेचे पैसे उभे राहतीलही, जमिनीचा तुकडा विकून. पण पुढची वीस वर्षं दरवर्षी रक्त तपासणारा, गोळ्या लिहून देणारा, वजन परत चढू लागलं तर हटकणारा डॉक्टर त्याच्या गावापासून किती अंतरावर आहे? फेरीला एक दिवसाची रोजी बुडत असेल तर तो तिसऱ्या वर्षी जाईल का? तळेगाव दाभाड्याला 1995 पासून मायमर वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं ग्रामीण रुग्णालय आहे. शस्त्रक्रिया पुण्यात झाली तरी पाठपुरावा तळेगाव-वडगावला होऊ शकेल, अशी सोय रुग्णाने आधी विचारून घ्यावी. सर्जन निवडताना 'किती ऑपरेशनं केलीत?' इतकंच 'तुमचे पाच वर्षांपूर्वीचे रुग्ण आता कुठे आहेत?' हेही विचारावं. ज्याच्याकडे उत्तर तयार असेल तो डॉक्टर बरा.

बाकीच्यांनाही तोच प्रश्न

सर्जनला विचारलेला प्रश्न इतरांना माफ करून चालणार नाही.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांची दोन वेळा जेवणाची कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी नेली. वाड्यावस्त्यांवरसुद्धा 'मी दीक्षित करतोय' म्हणत चहा नाकारणारे भेटतात. एक पैसा न घेता लोकांना खाण्याच्या वेळांचा विचार करायला लावणं ही लहान गोष्ट नव्हे. आहाराने मधुमेह मागे हटतो याला भक्कम पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात कमी उष्मांकाच्या आहाराने पहिल्या वर्षी 46 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 36 टक्के रुग्ण मधुमेहमुक्त झाले. पाच वर्षांनी, पुढे माग ठेवलेल्या गटात, हा आकडा 13 टक्क्यांवर आला. वजन परत चढलं की साखरही परतते.

इंजेक्शनांचंही तसंच. 2025 साली टिरझेपाटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं. वजन उतरतं ते डोळ्यांना दिसेल इतकं. पण सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांनी वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत चढवला, असं अभ्यासात दिसलं. म्हणजे सुरू करतानाच 'किती वर्षं परवडेल?' याचा हिशेब घालायचा.

आणि योग. चेन्नईच्या डॉ. अ. रामचंद्रन यांच्या अभ्यासाने 2006 साली दाखवलं होतं, की चालणं आणि आहार सुधारल्याने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांमध्ये आजाराचा धोका 28.5 टक्क्यांनी कमी होतो, मेटफॉर्मिन गोळीइतकाच. योगासनांचा साखरेवर चांगला परिणाम दाखवणारे अभ्यासही पुष्कळ आहेत, पण त्यातले बहुतेक थोड्या माणसांवरचे आणि काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे. आठवडाभराच्या शिबिरात साखर उतरणं स्वाभाविक आहे. तिथे मोजकं जेवण, वेळेवर झोप आणि चिंता घरी. पण घरी गेल्यावर तीन वर्षांनी काय, हे सांगणारी नोंदवही हवी. ती मागणं हा योगाचा अपमान नाही. ज्या गावात दाबमापकाने नौली तपासली गेली, त्या गावाची ती परंपराच आहे.

फीत आणि पिशवी

मावळात हे काम करायला नवं काही शोधावं लागणार नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती भरण्याचा एक सरकारी तक्ता आशाताईंकडे असतो. त्यात कमरेचा घेर विचारलेला आहे. पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर आणि बायकांसाठी 80 ही सावधानतेची खूण. रोड-चरबीदार शरीराच्या बाबतीत ही शिंप्याची फीत वजनकाट्यापेक्षा जास्त खरं बोलते. एकदा मोजून तक्ता भरला की काम झालं, असं होऊ नये इतकंच. त्याच माणसाची कंबर पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी मोजली, शेजारी साखरेचा आकडा लिहिला, तर तालुक्याचा स्वतःचा दीर्घ अभ्यास आपोआप तयार होतो. पुण्याजवळच्या सहा गावांनी तीस वर्षं ते करून दाखवलेलं आहे.

तोवर रुग्णाने एक गोष्ट स्वतः करावी. आपला चालक वडगावला एकाला दाखवतो, पिंपरीत दुसऱ्याला, सासुरवाडीला गेला की तिसऱ्याला. डॉक्टर बदलतात, गोळ्यांची नावं बदलतात, लॅब बदलते. या सगळ्या वर्षांत प्रत्येक ठिकाणी हजर असतो तो एकटा रुग्ण. त्याच्या घरी खुंटीला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट कोंबलेले असतात आणि दिवाळीच्या साफसफाईत त्यातले निम्मे कचऱ्यात जातात. यंदा ते फेकू नयेत. एका साध्या वहीत तारीख, एचबीएवनसी, वजन, कमरेचा घेर आणि चालू असलेला उपाय अशा पाच रकान्यांत ते उतरवून काढावेत. दहा वर्षांच्या अशा दहा-वीस ओळी समोर ठेवल्या, तर कुठल्या उपायाने काय झालं आणि ते किती टिकलं हे त्याला स्वतःला वाचता येईल. मग समोर सर्जन असो, शिबिराचे संचालक असोत की इंजेक्शन लिहून देणारे तज्ज्ञ, त्यांच्या दाव्याशी ताडून पाहायला त्याच्याजवळ स्वतःचे आकडे असतील.